ट्रकच्या केबिनचा एसी व्हेंट: पाती आपोआप खाली झुकतात, काय चुकतंय?

नवा_डिझायनर_चाकण (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी चाकणला गाड्यांचे प्लास्टिकचे आतले पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनला आहे, सव्वातीन वर्षं झाली. आजवर दाराचे ट्रिम आणि ग्लोव्हबॉक्स केले. व्हेंट, म्हणजे एसीची हवा बाहेर सोडणारी जाळी, पहिल्यांदाच हातात आलाय, तोही ट्रकचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ गटातल्या, म्हणजे साडेतीन टनांवरच्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, तेव्हापासून आमच्याकडे ही कामं येऊ लागली आहेत. ज्यांना विचारावं असं ऑफिसात कुणी नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

व्हेंटचं तोंड १२० बाय ७० मिमी. पुढे आडवी ५ पाती, मागे उभी ७. पुढच्या मधल्या पात्यावर नॉब आहे. तो वर-खाली केला की आडवी पाती फिरतात. डावी-उजवीकडे सरकवला की नॉबमागचा काटा मागच्या मधल्या पात्याला धरून उभी पाती फिरवतो. पाती एकमेकांना लिंकने, म्हणजे जोडपट्टीने, जोडलेली. हाउसिंग (बाहेरचं कवच) आणि पाती एबीएस या प्लास्टिकची, लिंक डेलरिन या दुसऱ्या प्लास्टिकची. सगळ्यात मागे चाकाने उघडबंद होणारं झाकण.

पहिली अडचण: नवा व्हेंट छान चालतो, नॉबला ३.५ न्यूटन लागतात. पण ८० अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवून थंड केला की तोच आकडा ०.६ वर येतो, आणि व्हायब्रेशन टेबलवर पाती हळूहळू खाली झुकतात. मी पात्याची पिन, म्हणजे ज्यावर पातं फिरतं ती टोकाची खुंटी, ०.०५ मिमीने वाढवून बसणी घट्ट केली. आता नवीन असताना ७ न्यूटन लागतात, करकर आवाज येतो, आणि ओव्हननंतर पुन्हा ढिलं.

दुसरी: उभी पाती ३५ अंश फिरवली तरी वारा १८ अंशांपलीकडे वळत नाही.

तिसरी लहान आहे: झाकण जवळजवळ बंद केलं की शिट्टी वाजते.

शिवाय स्टायलिंगवाले म्हणताहेत की पाती दिसताच कामा नयेत, एकच बारीक फट हवी. ट्रकमध्ये ते जमेल का? दोन आठवड्यांत पुढची ट्रायल आहे. कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

---

साचेवाला_भोसरी

मित्रा, मी टूलरूमवाला, तेव्हा साच्याच्या बाजूचं तेवढं सांगतो.

पात्याची पिन हातात घे आणि नखाने फिरवून बघ. पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे, बारीक धार लागेल. साचा नवीन असताना ती जाणवत नाही, पण वीस-तीस हजार शॉटनंतर (साच्याच्या फेऱ्यांनंतर) फ्लॅश, म्हणजे फटीतून निघालेलं जादा प्लास्टिक, यायला लागतो आणि ती धार छिद्राला करवतीसारखी खाते. म्हणून पिन पूर्ण गोल करायची नसते. पार्टिंग लाइनवर दोन्ही बाजूंना छोटा सपाट भाग ठेवायचा, म्हणजे फ्लॅश आला तरी तो छिद्राला लागत नाही.

दुसरं, प्रत्येक कॅव्हिटीचा, म्हणजे साच्यातल्या प्रत्येक पोकळीचा, नंबर पात्यावर येऊ दे. आठ कॅव्हिटींची पाती एकाच पेटीत पडतात, लाइनवरची मुलगी हाताला येईल ते लावते, आणि मग एका व्हेंटला ३ न्यूटन आणि शेजारच्याला ५ का, ते कुणालाच सापडत नाही. नंबर असला की अर्ध्या तासात सापडतं.

आणि इथे कुणी काचतंतूवालं मटेरियल वापरायला सांगितलं, तर माझ्यासारख्याला आधी विचार. एबीएससाठी कापलेल्या साच्यात ते ओतलंस तर माप चुकणारच. काचतंतूवालं मटेरियल ओघाच्या दिशेला कमी आकसतं आणि आडवं जास्त. लांब पात्याला गेट, म्हणजे प्लास्टिक आत शिरायची वाट, एका टोकाला दे. मध्ये दिलास तर पातं धनुष्यासारखं वाकतं.

---

व्हेंटवाली_पिंपरी

तुझा प्रश्न वाचून जेवणानंतर लगेच लिहायला बसले. मी २४ वर्षं व्हेंटच करते आहे. सुरुवात ड्रॉइंग बोर्डवरच्या शेवटच्या पिढीबरोबर झाली. तुझ्यासारखी पिन घट्ट करण्याची चूक मीही पहिल्या प्रकल्पात केली, आणि ती का चूक आहे हे कळायला मला वर्ष लागलं. तुझं ते वर्ष वाचावं म्हणून हे लांबलचक लिहिते.

मूळ गोष्ट एकच आहे. नॉबला जो जडपणा जाणवतो तो कुठून येणार, हे डिझायनरने ठरवायचं असतं. तुझ्या व्हेंटमध्ये तो दहा पिना आणि दहा छिद्रांत विखुरलाय, आणि त्यातल्या एकावरही तुझा ताबा नाही. पिन छिद्रात दाबून बसवली की प्लास्टिक ताणलेलं राहतं आणि त्या ताणातून घर्षण मिळतं. एबीएसला ८० अंशांवर २४ तास ठेवलंस की तो ताण विरून जातो, कारण त्या तापमानाला एबीएस मऊ पडण्याच्या जवळ आलेलं असतं. पिन कितीही जाड केलीस तरी ताण विरणारच. सुरुवातीचा आकडा तेवढा वाढतो, शेवटचा तिथेच येतो. तुझे ७ न्यूटन आणि ओव्हननंतरचं ढिलेपण हे नेमकं हेच आहे. आणि उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड विदर्भाच्या मे महिन्यात ८० च्या पुढे सहज जातो, तेव्हा ही चाचणी अवास्तव आहे असं साहेबांना सांगायला जाऊ नकोस.

करकर येते ती एबीएसवर एबीएस घासल्यामुळे. एकाच मटेरियलचे दोन भाग एकमेकांवर सरकले की ते चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, आणि तोच आवाज कानाला लागतो. डेलरिनवर डेलरिनही तसंच ओरडतं. ग्रीस लावून आवाज घालवू नकोस. ट्रकमध्ये त्यावर धूळ बसते आणि महिनाभरात त्याचं पॉलिश पेपर होतं.

आता पाती का झुकतात त्याचा हिशेब एकदा कागदावर मांड, मी अंदाजे आकडे घेते. एक पातं ६ ग्रॅम, त्याचा गुरुत्वमध्य पिनेच्या ४ मिमी पुढे. पाच पात्यांचा मिळून खाली ओढणारा जोर सुमारे १.२ न्यूटन-मिमी. नॉब ५ ग्रॅमचा, पिनेपासून १५ मिमी पुढे, त्याचा ०.७. एकूण १.९. रस्त्याचा ५ जीचा, म्हणजे वजनाच्या पाचपट, धक्का धरला तर साधारण १०. ओव्हननंतर तुझा नॉब ०.६ न्यूटनला हलतो, म्हणजे १५ मिमीच्या भुजेवर घर्षण उरलं ९. दहाच्या समोर नऊ. पाती झुकणारच. नॉबला ३ न्यूटन ठेवलेस तर घर्षण ४५ होतं आणि चौपटीहून जास्त आधार मिळतो. आमच्या ग्राहकांच्या पत्रकांत बहुतेक २ ते ५ न्यूटनच्या मधलाच आकडा असतो. तीनच्या आसपास हाताला बरंही वाटतं.

ते ४५ आणायचे कसे? सगळ्या पिना मोकळ्या कर, छिद्रात ०.१ मिमीची फट दे, बोटाने टिचकी मारली तर पातं सहज फिरायला हवं. मग फक्त एका पात्याची एका बाजूची पिन मोठी कर, ८ मिमी व्यासाची. हाउसिंगमध्ये तिच्याखाली खाच काढ आणि तिच्यात सिलिकॉन रबराचा तुकडा बसव, तो त्या जाड पिनेवर दाबून राहील. ४५ पैकी ४० त्या तुकड्याकडून यायला हवेत. सिलिकॉनला ८०-१०० अंशांचं फारसं काही वाटत नाही. रबर २० टक्क्यांच्या आसपास दाबायचं आणि बाजूला पसरायला त्याला मोकळी जागा ठेवायची. रबराचा आकार बदलतो, आकारमान बदलत नाही. चहूबाजूंनी ठासून भरलंस तर ते दगडासारखं वागतं, आणि ०.१ मिमीच्या फरकाने नॉब २ न्यूटनवरून ६ वर जातो. तुकड्याच्या माथ्यावर दोन बारीक कण्या, म्हणजे उंचवटे, ठेव, त्या आधी दबतात आणि मापातला फरक पोटात घेतात.

तो तुकडा नॉब ज्या पात्यावर आहे त्याच पात्याला लाव. मी एकदा जागा मिळेना म्हणून सगळ्यात खालच्या पात्याला लावला होता. नॉब हलायचा, लिंकच्या छिद्रातली सगळी फट संपेपर्यंत बाकी काहीच हलायचं नाही, आणि मग पाती एकदम यायची. हाताला ते फार वाईट लागतं. लिंकच्या छिद्रांना एका बाजूने चीर दे, म्हणजे छिद्र स्प्रिंगसारखं पिनेला हलकं धरून ठेवतं आणि खडखड थांबते.

उभ्या पात्यांचं काम सोपं आहे. त्यांचा आस उभा, वजन त्यांना फिरवत नाही. नॉब पात्यावर सरकतो तिथे नॉबच्या आत टीपीईची (रबरासारख्या मऊ प्लास्टिकची) छोटी पट्टी दे, तेवढं घर्षण पुरतं.

मटेरियल. पाती पीबीटी या प्लास्टिकची, ३० टक्के काचतंतू घातलेली, अशी कर. भोसरीच्या दादांचं म्हणणं अगदी बरोबर आहे, नवीन मापांनी साचा काप. पीए-६, म्हणजे नायलॉन, काचतंतूसह स्वस्त पडतं म्हणून कुणी सुचवेल. घेऊ नकोस. नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. आमची एक बॅच एप्रिलमध्ये पास झाली, आणि ऑगस्टमध्ये रत्नागिरीच्या गाड्यांतून पाती अडकतात अशा तक्रारी आल्या. पार्ट परत मागवले, ऑफिसातल्या कोरड्या कपाटात तीन आठवडे राहिले आणि आपोआप मोकळे झाले. तेव्हाच कळलं.

एबीएस सोड म्हणते त्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मी दर नव्या मुलाला सांगते. साधारण पंधरा वर्षांपूर्वी आमच्या एका कारच्या व्हेंटची पाती पिनेच्या मुळाशी तुटून यायला लागली. पुढचीच, आणि त्यातही मधली दोनच. व्हायब्रेशन पुन्हा केलं, ओव्हन पुन्हा केला, एकही तुटेना. महिनाभर आम्ही पिनेची त्रिज्या वाढवत बसलो. शेवटी फील्डमधून आलेली एक प्लास्टिकची पिशवी मी स्वतः फोडली आणि मोगऱ्याचा घमघमाट आला. दुसरी फोडली, तीत चंदन. लोक पात्याला अत्तराची बाटली अडकवतात, दोन-चार थेंब ओघळून पिनेपाशी जातात, आणि साच्यातून निघतानाच जिथे ताण राहिलेला असतो तिथे एबीएस बारीक भेगाळतं. भिंगाखाली त्या भेगा केसांसारख्या एकमेकींना समांतर दिसतात. तेव्हापासून मी चाचणी ठेवली आहे: पातं थोडं वाकवून फ्रेममध्ये अडकवायचं, बाजारातली तीन-चार कार अत्तरं आणि डॅशबोर्ड पॉलिश कापसाने लावायचं, २४ तासांनी भिंगातून बघायचं. दोनशे-तीनशे रुपयांची चाचणी आहे. तुझ्या यादीत ती नसेल, तू घाल.

आता वाऱ्याबद्दल. पातं जिकडे बघतं तिकडे वारा जातो असं आपण धरून चालतो, पण वाऱ्याला वळायला भिंत लागते. तुझी ७ पाती १२० मिमीत, म्हणजे दोन पात्यांतलं अंतर १७ मिमी. पात्याची रुंदी तू लिहिली नाहीस, पण एवढ्या पात्यांना सहसा १४ ठेवतात. अंतर रुंदीपेक्षा जास्त असलं की मधून वारा न वळता सरळ निघून जातो. ८ पाती घे, अंतर १५, रुंदी १८. जाडी १.५ ते २ मिमीपलीकडे नेऊ नकोस, नाहीतर वाट अडते.

त्याहून मोठं कारण मला दुसरंच वाटतं. उभी पाती तोंडापासून किती आत आहेत? ४० मिमी धर. ३५ अंशांत वळलेला वारा ४० मिमी पुढे येईपर्यंत २८ मिमी बाजूला सरकतो. १२० पैकी २८ म्हणजे जवळजवळ पाव वारा हाउसिंगच्या बाजूच्या भिंतीवर आपटतो, भिंत त्याला पुन्हा सरळ करते, आणि तो बाकीच्यालाही आपल्याबरोबर सरळ ओढतो. तेव्हा भिंती बाहेरच्या बाजूला पसरव, तोंडाशी दोन्हीकडे १० मिमी तरी. बेझल (तोंडाभोवतीची चौकट) परवानगी देत नसेल तर उभी पाती पुढे आण आणि आडवी मागे टाक. डक्टही, म्हणजे व्हेंटपर्यंत हवा आणणारी वाटही, बघ. व्हेंटच्या अगदी मागे कोपरा असेल तर वारा आत येतानाच एका बाजूला झुकलेला असतो, मग डावीकडे छान वळतो आणि उजवीकडे वळतच नाही.

आणि अंशांत बोलणं सोड. केबिनमध्ये बस आणि मोज. ड्रायव्हरची छाती व्हेंटपासून ७०० मिमीवर असेल तर ३५ अंश म्हणजे वारा ४९० मिमी बाजूला, आणि १८ अंश म्हणजे जेमतेम २३०. तुझ्या ड्रायव्हरला किती हवंय ते आधी काढ. मी अजून काठीला लोकरीचे धागे बांधून बघते. ॲनिमोमीटर वेग सांगतो, पण वारा कुठून कुठे जातो ते धागा दाखवतो.

वेगाचा हिशेबही सोपा आहे. एका व्हेंटमधून तासाला १०० घनमीटर हवा धर, आणि पुढची पाती वजा जाता तोंड उरलं ६९ चौरस सेंमी. वेग ४ मीटर प्रति सेकंद. पाती पूर्ण वळवलीस की वाट आक्रसते आणि तो ५ च्या जवळ जातो. इथपर्यंत आवाजाची चिंता नाही.

शिट्टी झाकणाच्या काठाशी उरलेल्या कागदाएवढ्या फटीतून येते. ती फट कायमची बुजवणं अवघड आहे. लोकांना झाकण तिथे थांबवताच येऊ नये अशी सोय कर: चाकाला शेवटच्या ५-६ अंशांत खटका दे, म्हणजे तिथे पोचलेलं झाकण स्वतःहून बंदच होतं.

राहिली ती पाती न दिसणारी फट. टेस्लाने २०१७ साली मॉडेल ३ मध्ये ते केलं, दिशा पडद्यावर बोट फिरवून बदलते, आणि तिथपासून प्रत्येक स्टायलिंगवाल्याला ते हवंय. काम चालतं ते हवेच्या एका स्वभावावर: वळणदार पृष्ठभागाजवळून जाणारा झोत त्याला चिकटून वळतो. रुमानियाचे इंजिनिअर आंरी कोआंडा यांच्या नावाने तो परिणाम ओळखला जातो. पण त्यासाठी वळणाचा पृष्ठभाग नीट लांब लागतो, आणि तो स्वच्छ राहावा लागतो. बारीक फटीतून तेवढीच हवा सोडायची तर वेग वाढतो, ब्लोअरवर भार येतो, आवाज येतो. ट्रकच्या पहिल्या व्हेंटला मी हो म्हणणार नाही. स्टायलिंगवाल्यांना आडव्या पात्यांचा काठ बारीक करून दे, लांबून बघताना तेवढाही फरक पडतो.

त्या काठाबद्दल एक. कारच्या आतल्या भागांसाठी यूएनचा आर-२१ नियम आहे, डोकं आपटू शकतं त्या भागातल्या कडांना निदान २.५ मिमी त्रिज्या, जाळीच्या पात्यांना वेगळा तक्ता. ट्रकला तो लागू नाही. तरीही नॉब आणि बेझलला मी २.५ ठेवतेच. ट्रकमधल्या माणसाचं डोकंही तेवढंच नाजूक असतं.

---

सोलापूर_ट्रान्सपोर्ट

मॅडम, तुमचं सगळं वाचलं, निम्मं कळलं. माझ्या सहा गाड्या आहेत आणि मी स्वतः १९ वर्षं चालवलं, तेव्हा वापरणाऱ्याचं सांगतो.

एसी गाडी सकाळी थंड ठेवते, पण रात्री तीच हवा तोंडावर लागली की ड्रायव्हरचं डोकं धरतं. आमच्यातले बहुतेक जण रात्री व्हेंट छताकडे करतात किंवा बंद करतात. तुमचं झाकण बंद म्हणजे खरंच बंद हवं. आता एक व्हेंट असा आहे की बंद केला तरी गुडघ्यावर गार लागतं, पोरं त्याला कापडाचा बोळा कोंबतात.

नॉब मोठा द्या. हाताला ग्रीस असतं, डिझेल असतं, आणि रस्त्यावरची नजर काढून बोटभर नॉब शोधायला वेळ नसतो. खाणीच्या आणि उसाच्या हंगामात धूळ एवढी असते की पात्यांच्या मधे काळा थर बसतो. फडकं आत जात नाही. आम्ही रंगाचा एक इंची ब्रश ठेवतो. तो दोन पात्यांच्या मधून गेला पाहिजे बघा.

आणि मोबाइल. प्रत्येक पोरगा मोबाइलचा स्टँड व्हेंटच्या पात्यालाच लावतो, कारण समोर दुसरी जागाच नसते. चार महिन्यांत पातं लुळं पडतं.

---

व्हेंटवाली_पिंपरी

दादा, तुम्ही लिहिलंत ते आम्हाला कुठल्याही पत्रकात मिळत नाही. मनापासून आभार.

मोबाइलचं गणित लगेच करून बघितलं. मोबाइल आणि स्टँड मिळून २६० ग्रॅम, पात्यापासून ५० मिमी पुढे लोंबकळतो. जोर होतो १२७ न्यूटन-मिमी, तोही गाडी उभी असताना. आपलं घर्षण ४५. म्हणजे मी वर जे सांगितलं ते सगळं केलं तरी स्टँड लावलेलं पातं खाली जाणारच. घर्षण तिप्पट केलं तर नॉब ९ न्यूटनला जाईल, तो हाताला सोसणार नाही. म्हणून चाकणच्या मुला, ग्राहकाकडे आत्ताच विषय काढ: व्हेंटच्या बेझलशेजारी मोबाइल अडकवायला वेगळा, पक्क्या कडेचा खोबणीचा भाग द्या. तो बेझलच्या साच्यातच येतो, वेगळा खर्च जवळजवळ नाही. तोवर आडव्या पात्यांच्या पिनेच्या मुळाशी १ मिमी त्रिज्या ठेव, लुळं पडलं तरी मोडायला नको.

ब्रशचा मुद्दा तर फारच मोलाचा. आडव्या पात्यांत मोकळी जागा ११-१२ मिमी निघते, ब्रशची जाडी त्यात बसेल. उभ्या पात्यांपर्यंत केस पोचायला हवेत, तेव्हा दोन रांगांमधलं अंतर कमी ठेवायला हे दुसरं कारण मिळालं. आणि मागचं झाकण: काठाला टीपीईची मऊ किनार साच्यातच चढवून घे, फोम चिकटवू नकोस. फोम उन्हाने दोन-तीन वर्षांत चुरा होतो आणि त्याचे कण ड्रायव्हरच्या तोंडावर येतात.

---

नवा_डिझायनर_चाकण

ताई, दादा, काका, सगळ्यांचे आभार. बारा दिवसांनी लिहितोय, कारण हातात काहीतरी घेऊन लिहायचं ठरवलं होतं.

साचा व्हायला वेळ आहे, म्हणून जुन्याच एबीएस पात्यांच्या पिना घासून मोकळ्या केल्या, मधल्या पात्याला थ्रीडी प्रिंटवर ८ मिमीची पिन चिकटवली, आणि सिलिकॉनच्या शीटमधून तुकडे कापून खाचेत बसवले. पहिला तुकडा मी खाचेत घट्ट भरला आणि नॉब हलेनाच. मग तुम्ही लिहिलेलं आठवलं, दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमी जागा सोडली. जोर मोजायच्या पुश-पुल गेजवर ३.१ न्यूटन. ओव्हनमधून काढून थंड केल्यावर २.७. व्हायब्रेशनवर आठ तास ठेवलं, आधी पात्याच्या टोकाशी हाउसिंगवर पेन्सिलची रेघ मारून ठेवली होती. पातं रेघेवरच होतं. मी आमच्या लॅबवाल्या काकांना दोनदा बोलावून ते दाखवलं.

वाऱ्याचं अर्धंच जमलंय. पात्याची रुंदी १४ च होती, ताईंचा अंदाज बरोबर. उभी पाती ३८ मिमी आत होती. पुठ्ठ्याच्या पसरट भिंती लावून बघितलं तर १८ चे २६ अंश झाले. पाती पुढे आणायला स्टायलिंगवाले तयार नाहीत, पण १८ मिमी रुंदीची आठ पाती मान्य झाली. केबिनमध्ये बसून मोजलं, ड्रायव्हरला ३८० मिमी बाजूला लागतं. म्हणजे साधारण २८-२९ अंशांत काम भागेल, ३५ चा हट्ट नकोच होता.

अत्तराची चाचणीही केली. चिंचवडच्या दुकानातून चार बाटल्या आणल्या. एबीएसच्या दोन पात्यांवर १९ तासांनी भेगा दिसल्या, पिनेपाशी, अगदी तुम्ही म्हणालात तशा. फोटो ग्राहकाला पाठवला, आणि पीबीटीच्या जादा किमतीवर चर्चा करायला ते लगेच तयार झाले.

एक शंका राहिली. सिलिकॉनचा तुकडा लाइनवर बसवताना उलटा बसू शकतो, कण्या खाली जातात. हे कसं टाळू?

---

व्हेंटवाली_पिंपरी

२.७! फार छान वाटलं वाचून.

कण्या दोन्ही बाजूंना दे, वर आणि खाली सारख्याच. मग उलटा-सुलटा प्रश्नच उरत नाही. आणि तुकड्याचा रंग काळा ठेवू नकोस, हाउसिंग काळं असतं, बसवायचा राहून गेला तरी लाइनवर कुणाला दिसत नाही. आम्ही केशरी वापरतो. खाचेच्या तोंडाशी तो केशरी ठिपका बाहेरून दिसेल अशी छोटी खिडकी ठेव.

नवीन साच्याचे पहिले पार्ट आले की पिनेचं माप मोल्डिंगनंतर लगेच घेऊ नकोस, २४ तासांनी घे. आणि त्यातला एक व्हेंट सोलापूरच्या दादांकडे पाठवता आला तर पाठव, त्यांचा ब्रश आत जातो का ते त्यांनाच बघू दे.